अकरा नंबरचं घड्याळ

गुणाबाईनं पाण्याचा गिलास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उठता उठता विचारलं, "उद्यापासून मोह वेचाले जातो म्हणतो आमी साऱ्या. जाऊ ना?" निशातनं भाजीच्या जुड्या टोपल्यातून काढता काढता, वर न बघता उत्तर दिलं, "जा ना. आता कायची भीती?" गुणाबाईचं समाधान झालं. दारात चपला घालताना ती म्हणाली की परवा बोडीच्या काठाला, गुरं पाण्यावर उतरतात तिथं, चिखलात पंजे दिसले होते, पण ते जुनेच असतील, वाघ तर नेलाच. मग टोपलं डोक्यावर घेऊन ती बाजाराकडे गेली. दर आठवड्याला ती आवळझरीहून वडशाच्या बाजारात भाजी घेऊन यायची, आधी निशातच्या दारात दोन मिनिटं टेकायची आणि संध्याकाळी काळीपिवळीनं परत जायची. निशात तिचा गिलास विसळायला मोरीत गेली. नळाचं पाणी उन्हानं कोमट झालं होतं. गिलास पालथा घालताना तिच्या मनात आलं, त्या काठाला रोज सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे गुरं उतरतात. वाघ नेऊन वीस दिवस झाले. वीस दिवसांचा पंजा तिथं कसा राहील? आणि लगेच, जणू कोणी मागून खांद्याला हात लावावा तसं, अकरा नंबरचं घड्याळ आठवलं.

गिलास तिनं पुन्हा एकदा विसळला. त्याची गरज नव्हती. मग ती आतल्या खोलीत गेली आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

तो चालू व्हायला आताशा फार वेळ घ्यायचा. दिवाळीपासून हे सुरू होतं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग निशात बटण दाबून कणीक मळायला घ्यायची आणि पोळ्या होईतो पडदा उजळायचा. अकरम, तिचा नवरा, म्हणायचा की माणसासारखं याचंही वय झालंय, बारा वर्षं काही कमी नाहीत. बांगड्यांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला यापलीकडे त्यात गम्य नव्हतं. निशातनं याच्यावर आधी लग्नपत्रिका टाइप केल्या, नाटक मंडळ्यांची हँडबिलं केली, आणि गेली चार वर्षं वाघ पाहिले. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतून हजारो फोटो यायचे. पानं हलली तरी फोटो, गाय गेली तरी फोटो. त्यातून वाघ वेचून कोणता वाघ कोण ते लावायचं काम एका संस्थेनं तिला घरबसल्या दिलं होतं. संस्थेच्या साहेबांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा. एकात डावी बाजू येते, दुसऱ्यात उजवी. तारीख आणि वेळ जुळली की दोन्ही बाजू एकाच वाघाच्या धरायच्या. साहेबांना वाटलं होतं तिला हे जड जाईल. तिला ते अगदी ओळखीचं वाटलं. तिचे अब्बा शिंपी होते. रेघांच्या कापडाचा शर्ट शिवताना खिशावरची रेघ छातीवरच्या रेघेत अशी मिळवायचे की खिसा हातानं चाचपूनच सापडावा, आणि लहानगी निशात मशीनच्या पायाशी बसून चिंध्यांच्या रेघा जुळवायची. तिचा डोळा तिथं घडला. पट्टा दिसला की तो कुठून येतो आणि कुठं जाईल हे तिला कळायचं.

पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरत होते. सीपीयूच्या डब्यातून बारीक टक्-टक् आवाज येत होता, भिंतीत पाल असावी तसा. निशात खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. तिला आठवत होतं ते एवढंच, की जानेवारीत अकरा नंबरच्या जागेवरच्या डाव्या डब्याचे, म्हणजे कॅमेऱ्याचे, सेल बदलल्यावर वारलूनं फोनवर सांगितलं होतं, "बाई, याची घडी भलतीच दाखवून राह्यली, मी नीट केली, पण पाहून घेजा." वारलू कॅमेरे बांधायचा, सेल बदलायचा. माणूस काटेकोर. सेल बदलले की खडूनं पाटीवर तारीख-वेळ लिहून ती डब्यासमोर धरायचा, म्हणजे पहिला फोटो पाटीचाच यायचा आणि घड्याळ खरं की खोटं ते घरी बसून कळायचं. कार्ड आलं तेव्हा निशातनं पाटीचा फोटो पाहायचा होता. तिनं पाहिला होता का? त्या दिवशी घरात पाहुणे होते. साडेतीन हजार फोटो होते. तिनं सरळ वाघ काढले. वीस जानेवारी, पहाटे पाच बेचाळीस, डाव्या डब्यात डावी बाजू. वीस जानेवारी, पहाटे पाच त्रेचाळीस, समोरच्या डब्यात उजवी बाजू. तिनं दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकले. एक मिनिटाचा फरक चालतो. कधी कधी एकच डबा टिपतो आणि दुसरा झोपतो, हे तिनं तेव्हा मनात आणलं नाही.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी गुणाबाईची धाकटी जाऊ काटक्या आणायला गेली, ती परत आली नाही. जिथं ती सापडली त्याच्या जवळच्या डब्यात एकच फोटो होता, उजव्या बाजूचा. रेंजर साहेबांनी तो निशातकडे पाठवला, आणि तिनं अर्ध्या तासात सांगितलं, हा अकरा नंबरवरचा नर. सोबत फोल्डरमधली त्याची डावी बाजूही पाठवली. त्यावरून शोध झाला. आठ दिवसांनी नाल्यात पडून असलेला नर सापडला. दुर्बिणीतून त्याची डावीच बाजू दिसत होती. ती फोटोशी तंतोतंत जुळली. बेशुद्ध करून नेला, उजवी बाजू ताडून पाहायचं कोणाला सुचलं नाही. संस्थेच्या साहेबांनी तिला फोन करून शाबासकी दिली होती. अकरमनं दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं की हमारी बेगमनं वाघ ओळखला.

डावी बाजू एकाची आणि उजवी दुसऱ्याची असेल तर?

ठिपके थांबले. पडदा निळा झाला, त्यावर उदास चेहऱ्याची खूण आणि खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या, आणि निशातनं त्या वाचायच्या आत सगळं काळं झालं. पुन्हा ठिपके. पुन्हा निळं. तिसऱ्या वेळी पडद्यावर आलं की दुरुस्तीची तयारी चालू आहे, आणि पाव तासानं, की दुरुस्ती होऊ शकली नाही. निशातच्या तळहाताला घाम सुटला होता. तो तिनं ओढणीला पुसला आणि बल्लारपूरला रफीकला, तिच्या धाकट्या भावाला, फोन लावला. तो एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पडद्याचा फोटो मागवला आणि सांगितलं की सिस्टिम फाइली खराब झाल्या असाव्यात, डिस्कही म्हातारी झाली असेल, म्हणूनच चालू व्हायला इतका वेळ लागत होता. डिस्क काढून उद्या कोणाच्या तरी हाती पाठव, मी बघतो. निशात म्हणाली, आजच पाहिजे. मग सोपा रस्ता घे, तो म्हणाला, आणि कोणत्या चौकोनावर जायचं ते सांगितलं. तिथं दोन पर्याय होते. एक, आपल्या फाइली राखून सिस्टिम नवी टाकायची. याला वेळ लागतो आणि मध्येच अडकतं. दुसरा, सगळं पुसून टाकायचं. तो पक्का. "आपा, उसमें ऐसा क्या रखा है?" त्यानं विचारलं.

निशात जेवून फोन करते म्हणाली.

ती पडद्यासमोर बसून राहिली. दोन चौकोन. वरचा राखायचा, खालचा पुसायचा. पंखा फिरत होता, आणि तरी खोलीत हवा नव्हती. संस्थेचं काम पंधरा दिवसांपूर्वी संपलं होतं. कार्डं पुसून पुढच्या जंगलात गेली होती. मोठी डिस्क साहेबांबरोबर परराज्यात. ती मागवायची तर कारण सांगावं लागणार. म्हणजे पाटी धरलेल्या वारलूचा तो एक फोटो तिच्या हाताशी इथंच होता, या टक्-टक् करणाऱ्या डब्यात, आणि तो गेला तर तिनं चूक केली की नाही हे आज तरी कोणालाच कळणार नाही. तिलासुद्धा. हा विचार आला तेव्हा तिला आधी हायसं वाटलं. अगदी पाण्यात पाय सोडल्यासारखं. मरू दे हा डबा, तिला वाटलं, मरू दे एकदाचा. अकरम म्हणतच होता की वय झालंय. आणि मग आपण काय इच्छिलं ते कळलं तशी ती उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली. बाहेर ऊन पांढरं होतं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी मोहफुलं वाळत घातली होती. त्यांचा गोड, आंबूस वास भिंतीवरून येत होता. पहाटे चारला बाया निघतात. ओणव्यानं फुलं वेचतात, तोंड जमिनीकडे, पाठ जंगलाकडे. जाऊही अशीच वाकलेली होती म्हणे. गुणाबाईनं ते एकदाच सांगितलं होतं, याच दारात बसून, आणि मग मुळ्याची जुडी हातात घेऊन पिवळी पानं खुडत राहिली होती, जुडीत काही उरलं नाही तरी.

ती परत आली आणि रफीकला सांगितलं की पुसायचं नाही, दुसरा काही मार्ग असेल तर सांग. त्यानं कुरकुर न करता सांगितला. काळी खिडकी उघडली. तो एकेक अक्षर सांगत गेला, ती टाइप करत गेली. आधी डिस्क तपासायची. त्यात तास गेला. मग सिस्टिम फाइली तपासायची आज्ञा. टक्के वर चढू लागले. मध्ये लाइट जाऊ देऊ नको, रफीक म्हणाला, जसं काही ते तिच्या हातात होतं. मार्च संपत आला होता, दुपारी लाइट दोनदा तरी जायचीच. ती टक्क्यांकडे बघत राहिली. सात. अकरा. अकरावर ते थोडे थांबले आणि तिला उगीच वाटलं की डब्याला सगळं माहीत आहे. पंखा किंचित मंद झाला की तिचा श्वास अडकायचा. पुन्हा वेग आला की सुटायचा. आणि प्रत्येक वेळी तिला कळत नव्हतं की आपण लाइट जाण्याला भितो आहोत की राहण्याला. ती डोळे मिटून तो फोटो आठवायचा प्रयत्न करत होती. वारलूची टोपी, त्याची दाढीची खुंटं, छातीशी धरलेली पाटी, सगळं येत होतं. पाटीवरचा आकडा येत नव्हता. त्याऐवजी ते पट्टे यायचे, डाव्या अंगाचे, खांद्याजवळ फांदी फुटल्यासारखे दुभंगलेले, आणि उजव्या अंगाचे, दाट, खाली टोकाशी मिटलेले. चार वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं की जुळवलेल्या दोन बाजू एका अंगावर शोभतात का. आता तिला वाटत होतं, शोभत नाहीत. डावा अंगानं भरलेला, मानेला जाड. उजवा लांबट. तिला हे तेव्हाच दिसलं होतं का? दिसलं होतं. तिनं तारखेवर भरवसा ठेवला, डोळ्यावर नाही, कारण तारीख लवकर जुळते आणि बाहेर पाहुणे चहाची वाट बघत होते.

बासष्टवर टक्के थांबले.

साडेचार झाले, पावणेपाच झाले. बासष्ट. रफीक म्हणाला, थांबतं असं, धीर धर. आवळझरीची काळीपिवळी सव्वापाचला सुटायची. त्यानंतर गुणाबाईला फोन लागणार नव्हता, गावात रेंज नव्हती, आणि पहाटे त्या जाणार होत्या. निशात बासष्टकडे बघत होती. हे त्रेसष्ट झालं तर मी जाईन, तिनं ठरवलं. मग तिला स्वतःचंच ऐकू आलं. फोटो उघडला नाही म्हणून बायांना जाऊ द्यायचं, असा त्याचा अर्थ होत होता. सकाळपासून ती डबा उघडायची वाट बघत नव्हती, डब्याच्या आडोशाला बसली होती. ती उठली, चपला उलटसुलट घातल्या आणि स्कूटी काढली. दार लोटायचं राहिलं.

बाजाराच्या रस्त्यावर गर्दी होती. धानाचे ट्रक उभे होते. तिला आपलाच हॉर्न दुसऱ्याच कोणाचा वाजतोय असं वाटत होतं. ती नऊ वर्षांची असताना अब्बांनी एका नवरदेवाच्या सुटाचं कापड उलटं बेतलं होतं. लग्न चार दिवसांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेलं कापड हातावर घेऊन त्या घरी चालत गेले, आणि निशातला बरोबर नेलं, का ते तिला कधी कळलं नाही. दारात उभं असताना अब्बांचा हात तिच्या हातात होता आणि तो थरथरत होता. मोठ्या माणसाचा हात थरथरतो हे तिला तोवर माहीत नव्हतं. आत काय बोलणं झालं ते तिला आठवत नाही, फक्त तो हात आठवतो.

काळीपिवळी भरत आली होती. गुणाबाई मागच्या बाकावर, रिकामं टोपलं मांडीवर. बरोबर आवळझरीच्या आणखी पाच-सहा बाया. निशात खिडकीशी गेली आणि म्हणाली, "गुणाबाई, उद्या जाऊ नका."

"काऊन? सकाळी तं जा म्हनाल्या."

"मी चुकली असन. तो नेला तो दुसरा असू शकते. तुमच्या जावेचा... तो अजून तिथीच असन."

पुढून ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. एकीनं विचारलं, पक्कं आहे का? निशातनं खरं तेच सांगितलं, पक्कं नाही, कॉम्प्युटर उघडत नाही. बोलून झाल्यावर तिला वाटलं आता या हसतील. कोणी हसलं नाही. दुसरी म्हणाली की मोह पंधरा दिवसच पडतो, त्यातले आठ भीतीत गेले. गुणाबाई निशातच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "तुमाले स्वताले काय वाट्टे? कॉम्प्युटर राहू द्या."

"मले वाट्टे तो नाई नेला."

गुणाबाईनं मान हलवली आणि बायांना सांगितलं, उद्या कोणी जायचं नाही. बोडीवरही एकटं जायचं नाही. गाडी सुटली. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून निशातनं रेंजर साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले की आवळझरीत आजच दवंडी देतो, माणसं पाठवतो, तुम्ही घरी जा आणि तो फोटो मिळवा.

घरी आली तर दार सताड उघडं आणि काळ्या खिडकीत ओळ आलेली होती. खराब फाइली सापडल्या, काही दुरुस्त झाल्या, काही नाही. रफीक म्हणाला, चालू करून बघ, आणि चालू झालाच तर पहिलं सगळं पेन ड्राइव्हवर काढ, हा पुन्हा उठेल याची खात्री नाही. ठिपके पंचवीस मिनिटं फिरले. ती उभीच होती. अकरम दुकान बंद करून आला, तिचा चेहरा बघून शेजारी उभा राहिला. फोल्डर उघडलं. पहिला फोटो पाटीचा. वारलूची टोपी तिच्या आठवणीतल्यासारखी नव्हती, टोपीच नव्हती, डोक्याला दुपट्टा होता. पाटीवर खडूनं चौदा लिहिलं होतं. फोटोच्या खाली कॅमेऱ्यानं तेरा छापलं होतं.

एका दिवसाचा फरक. म्हणजे डावीकडचा वाघ वीस तारखेला नव्हे, एकवीसला गेला होता, आणि अंगानंही तो उजवीकडच्यापेक्षा वेगळा दिसत होता. दुसराच. निशातनं अकरमला ते दोन आकडे बोटानं दाखवले. मग तिनं फोटो पाठवले, सगळ्यांना, संस्थेच्या साहेबांनाही, आणि खाली लिहिलं की चूक माझी आहे.

त्या पहाटे आवळझरीची एकही बाई जंगलात गेली नाही. तिसऱ्या दिवशी बोडीवर नव्यानं बांधलेल्या डब्यात उजवी बाजू आली, दाट पट्ट्यांची, टोकाशी मिटलेली. मोहाच्या झाडांपासून शंभर पावलांवर. शोध पुन्हा सुरू झाला. गावात संध्याकाळ झाली की दारं लागत होती, आणि निशातला रोज पहाटे चारला आपोआप जाग येत होती. ती अंधारात पडून एकेकीची नावं मोजायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुणाबाई येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती आली. टोपलं उतरवलं, पाणी प्यायली, आणि म्हणाली की तो नेलेला कसा दिसते ते पाहायचं आहे. निशातनं आत नेलं. नवी डिस्क अजून आली नव्हती, जुनीवरच चाललं होतं. दोघी ठिपके फिरताना बघत बसल्या. वीस मिनिटं गेली. मग निशातनं डाव्या बाजूचा फोटो उघडला. पहाटेच्या निळसर उजेडात वाटेनं चाललेला, मान खाली, कॅमेऱ्याकडे लक्षही नसलेला. निशातनं सांगितलं की पत्रं लिहिली आहेत, वर विचार चालू आहे, पण एकदा पिंजऱ्यात गेलेल्याला परत सोडतील की नाही हे ती सांगू शकत नाही.

गुणाबाईनं पडद्याजवळ तोंड नेलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग खुर्चीचा हात धरून सरळ झाली.

"रोज सकाळी उठून मी याले शिव्या देल्ल्या," ती म्हणाली. "महिना झाला. याच्याच नावानं."